खाऱ्या समुद्रावर तरंगणारं गोडं पाणी

कवरत्ती बेटावरच्या विहिरींचं पाणी भरतीला किंचित वर चढतं आणि ओहोटीला उतरतं. समुद्राच्या मानाने हा चढउतार थोडका असतो, शिवाय तो काही वेळ मागून येतो. पण पोहऱ्याच्या दोरीला गाठ मारून मोजलं तर सहज कळतो. विहीर समुद्राशी जोडलेली आहे याला आणखी पुरावा नको. तरीही त्या पोहऱ्यातून वर येणारं पाणी गोडं असतं. लक्षद्वीपच्या माणसांनी शेकडो वर्षं याच पाण्यावर काढली. बेटावर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. चारी बाजूंना अरबी समुद्र, पायाखाली प्रवाळाची पांढरी वाळू, आणि त्या वाळूत जेमतेम पुरुषभर खोलीवर पाणी.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं, त्यांपैकी १० बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत इथे ६४,४७३ माणसं होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. पाऊस मात्र भरपूर, वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर. पुण्याच्या दुपटीहून अधिक. पण तो बहुतेक सगळा जून ते नोव्हेंबरमध्ये पडतो. डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत आभाळ कोरडं असतं. धरण बांधायला दरी नाही आणि तलाव खणला तर त्यात तेच भूजल दिसायला लागतं. त्यामुळे पाऊस साठवण्याची निसर्गाने दिलेली एकच जागा उरते, ती म्हणजे बेटाची वाळू.

ही वाळू पाणी पटकन पिते. मोठी सर येऊन गेली तरी रस्त्यावर ओहोळ वाहत नाहीत. जमिनीत मुरलेलं पाणी खाली जातं आणि तिथे त्याची गाठ समुद्राच्या पाण्याशी पडते, कारण बेटाच्या पोटात समुद्र आधीपासून शिरलेला असतो. प्रवाळाचा खडक सच्छिद्र, त्याला समुद्र अडवता येत नाही. गोडं पाणी वजनाला हलकं आणि खारं जड. वाळूच्या बारीक फटींमध्ये दोन्ही झटकन मिसळू शकत नाहीत, म्हणून हलकं पाणी जड पाण्यावर तरंगत राहतं. बेटाच्या मध्याशी त्याचा थर जाड असतो आणि किनाऱ्याकडे तो पातळ होत जातो. भूजलशास्त्रात याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात.

हे तरंगणं कोणत्या हिशेबाने चालतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी वेगवेगळं मांडलं. बादोन खायबेन हा डच लष्करी अभियंता ॲमस्टरडॅमजवळच्या विहिरींचा अभ्यास करत होता. त्याचं टिपण १८८९मध्ये छापलं गेलं. अलेक्झांडर हेर्त्सबेर्ग हा जर्मन अभियंता उत्तर समुद्रातल्या नॉर्डर्नी बेटावर विहिरी खणत होता. त्याने १९०१मध्ये तेच सूत्र लिहिलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या चाळीसपट खोल गोडं पाणी पोहोचतं. विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीहून ३० सेंटिमीटर वर असेल, तर खाली १२ मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं.

ऐकायला हे फार उदार वाटतं. पण हाच चाळीसचा आकडा उलटाही चालतो, आणि बेटावर राहणाऱ्याने तो उलटाच लक्षात ठेवायला हवा. उपसा करून पातळी १० सेंटिमीटरने खाली आणली, तर खालचं खारं पाणी कालांतराने ४ मीटर वर सरकतं. वरून पाहणाऱ्याला विहीर वीतभरही उतरलेली दिसत नाही, आणि खाली एक मजला बुडालेला असतो.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून नाजूक आहे. गोड्या आणि खाऱ्या पाण्यामध्ये रेघ मारल्यासारखी सीमा नसते. दिवसातून दोनदा येणारी भरती खालून ढकलत आणि ओढत राहते, त्यामुळे मध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा तयार होतो. प्रवाळबेटांच्या पोटात काही मीटरांवर जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक लागतो. त्यातून समुद्र इतक्या मोकळेपणाने खेळतो की गोडं पाणी तिथे टिकत नाही. म्हणून सूत्राने १२ मीटर सांगितले तरी पिण्याजोगं पाणी त्याच्या निम्म्यानेही मिळेलच असं नाही. बेट कुठे रुंद आहे आणि वाळू कुठे बारीक आहे, यावरही बरंच ठरतं. लक्षद्वीपची बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्व अंगाला आहेत आणि उथळ खाजण पश्चिमेला. खाजणाकडची वाळू बारीक, ती पाणी धरून ठेवते. उघड्या समुद्राकडची बाजू भरड, ती सोडून देते. चिंचोळ्या टोकांशी तर भिंग जवळजवळ नसतंच.

मराठी वाचकाला इथे सिंधुदुर्ग किल्ला आठवेल. मालवणच्या समुद्रात उभ्या असलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. पण तिथला खडक कठीण आहे, पाणी त्याच्या भेगांत राहतं. प्रवाळबेटाच्या पोटात असा आधार नाही. तिथे गोड्या पाण्याला खालून फक्त खारं पाणी उचलून धरतं.

आता पाणी किती आहे याचा ढोबळ हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १,६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला १६० कोटी लिटर. यातलं बरंच उन्हाने उडतं. बरंच माड पितात. त्यांची मुळं थेट भूजलापर्यंत पोहोचतात आणि वाढलेला माड दिवसाला कित्येक बादल्या पाणी हवेत सोडतो. समजा तिसरा हिस्सा मुरला. मुरलेलं सगळं उपसता येत नाही, कारण गोडं पाणी सतत किनाऱ्याकडे झिरपत राहिलं तरच खारं पाणी बाहेर थोपतं. म्हणून त्यातलाही फार तर तिसरा हिस्सा घ्यायचा. मग उरतात वर्षाला साडेसतरा कोटी लिटर, म्हणजे दिवसाला पावणेपाच लाखांच्या आसपास. दोन हजार माणसांत वाटलं तर माणशी २४० लिटर. पण बेटाच्या कडेच्या जमिनीखाली उपसण्याजोगा थर नसतो. निम्मी जमीन वगळली की आकडा १२० लिटरवर येतो. आणि कवरत्तीसारख्या बेटावर घनता दोन हजारांहून बरीच जास्त आहे.

या हिशेबातले हिस्से मी अंदाजाने धरले आहेत. प्रत्येक बेटाचे ते वेगळे निघतील. तरी एक गोष्ट त्यातून कळते. काटकसरीने राहणाऱ्या बेटाला हे पाणी पुरतं, आणि जरा हात सैल सोडला की पुरत नाही. मधली जागा फार अरुंद आहे.

यापेक्षा मोठा प्रश्न मला पाणी काढण्याच्या पद्धतीचा वाटतो. दुधावरची साय जशी चमच्याने वरच्यावर काढतात, तसं हे पाणी काढावं लागतं. पोहऱ्याने पाणी शेंदणारी बाई एका खेपेला दहा लिटर काढते, हंडा भरते, उचलते, घरात जाते. तेवढ्या वेळात आजूबाजूचं पाणी झिरपून विहिरीची पातळी पूर्ववत होते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तासाला हजार-दोन हजार लिटर खेचते, आणि खेचते एकाच बिंदूतून. विहिरीभोवती पाण्याला खोलगट खळगा पडतो आणि बरोबर त्याच्याखाली खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. मोटर बंद केल्यावर खळगा काही वेळात भरून निघतो. सुळका मात्र तितक्या लवकर बसत नाही, कारण वर आलेलं खारं पाणी आसपासच्या गोड्या पाण्यात मिसळून गेलेलं असतं. त्याला धुऊन काढायला पुढचा पावसाळा लागतो, कधी दोन लागतात. घरोघरी स्लॅबवर टाकी आणि विहिरीवर मोटर आली, तेव्हा बायकांचे कष्ट वाचले आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्याच नळाबरोबर उपशाचा वेगही बदलला, आणि त्या वेगाचा विचार कुणी केला नाही.

मोटर ठेवूनही हे सांभाळता येतं. कमी ताकदीची मोटर, थोडा थोडा वेळ चालवलेली. विहीर उथळ, पाण्याच्या पातळीखाली जेमतेम हात-दोन हात. आणि एका मोठ्या विहिरीऐवजी विखुरलेल्या अनेक लहान विहिरी. विहिरीचं पाणी कमी पडलं की ती आणखी खोल खणायची, ही आपल्या देशावरच्या माणसाची सवय इथे घातक ठरते. खोल गेलं की खाऱ्याच्या जवळ गेलं.

सार्वजनिक पुरवठ्यासाठी याहून चांगली रचना प्रशांत महासागरातल्या किरिबाटीत वापरली जाते. राजधानीच्या दक्षिण तारावा भागाला पाणी मुख्यतः बोनरिकी इथल्या भिंगातून मिळतं. तिथे विहिरी नाहीत. भूजलाच्या पातळीशी चर खणून त्यात सच्छिद्र नळ आडवे पुरले आहेत. लांबच लांब नळाच्या प्रत्येक हातातून थोडं थोडं पाणी आत येतं आणि मधल्या कुंडातून पंप ते संथपणे उचलतो. कुठल्याच एका जागी पातळी फारशी उतरत नाही, त्यामुळे सुळका उठत नाही.

तारावाची गोष्ट तंत्रावर संपत नाही. १९७७मध्ये, ही बेटं गिल्बर्ट बेटं म्हणून ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, तिथे कॉलऱ्याची साथ आली. दाट वस्तीतल्या विहिरींचं पाणी मैल्याने दूषित झालं होतं. त्यानंतर नळयोजना झाली आणि बोनरिकीसारख्या जागा पाण्यासाठी राखीव ठेवल्या गेल्या. पण ती जमीन लोकांची होती. बेटावर जमीन आधीच कमी, आणि सरकार सांगतं की इथे घर बांधू नका, डुकरं पाळू नका, बाग करू नका. सरकार जमीनमालकांना भाडं देतं, तरी कुरबुरी चालूच राहिल्या आणि राखीव जागेत घरं शिरत राहिली. मला यात कुणा एकाचा दोष दिसत नाही. सगळ्या बेटाचं पाणी ज्याच्या अंगणाखाली आहे, त्याने स्वतःच्या अंगणावरचा हक्क किती सोडायचा आणि त्याचा मोबदला काय, हे आधी मोकळेपणाने ठरवावं लागतं. ते ठरल्याशिवाय नकाशावर आखलेली राखीव हद्द टिकत नाही.

लक्षद्वीपमध्ये राखीव ठेवायला तेवढीही मोकळी जागा नाही. घर, विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा एकाच वाडीत, काही पावलांवर. मातीचा जाड थर असता तर तिने मैलापाणी गाळलं असतं, जंतूंना वाटेत अडकवलं असतं. प्रवाळाची भरड वाळू ते करत नाही; खड्ड्यातलं पाणी थोड्या दिवसांत शेजारच्या विहिरीत पोहोचतं. एकदा पाऊस चांगला झाला की खारटपणा धुऊन जातो. खड्डे मात्र रोज भरतात आणि रोज झिरपतात. म्हणून बेटाच्या भूजलाला खाऱ्या पाण्याइतकाच, कदाचित जास्त, धोका माणसाच्या मैल्याचा आहे असं माझं मत आहे. यावर उपाय म्हणजे तळ बंद असलेल्या टाक्या, त्यांचा वेळेवर उपसा आणि गाळ हाताळायला बेटावर छोटं केंद्र. यातलं काहीच अवघड नाही. पण या कामाचं उद्घाटन कुणी थाटात करत नाही, म्हणून ते मागे पडतं.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांकडे मात्र सगळ्यांचं लक्ष जातं, आणि लक्षद्वीपची यंत्रं खरोखर अभिमान वाटावा अशी आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५मध्ये कवरत्तीला दिवसाला एक लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभारला. त्यात पडदे नाहीत, रसायनं नाहीत. समुद्राच्या पृष्ठभागावरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडलं की त्यातलं थोडं लगेच वाफ होतं. ती वाफ थंड करायला सुमारे ३५० मीटर खोलीवरचं गार पाणी लांब नळातून वर आणतात. वाफेचं गोडं पाणी होतं, मीठ मागे राहतं. या बेटांचा किनारा थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो, म्हणून गार पाणी इतकं जवळ मिळतं. २०११मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला असे प्रकल्प झाले, पुढे इतर बेटांवर दिवसाला दीड लाख लिटरचे. त्यांतल्या कडमतच्या प्रकल्पाचं लोकार्पण जानेवारी २०२४मध्ये झालं.

एक लाख लिटर ऐकायला मोठं वाटतं. २०११ साली कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी नऊ लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पुरेसं आहे, आणि त्यामुळे दूषित पाण्याचे आजार टळतात, ही थोडी गोष्ट नव्हे. पण आंघोळ, धुणं, भांडी, शौचालय, बाग हे सगळं अजूनही त्या विहिरीवर आहे. यंत्राने विहिरीचा भार थोडासाच हलका केला, आणि पिण्याचं पाणी नळाने येऊ लागल्यामुळे विहिरीकडे पाहण्याची नजर मात्र बदलली. जे पाणी पोटात जात नाही त्याच्याशेजारी शोषखड्डा असला तर कुणाला खटकत नाही.

हे पुढे कुठे जातं ते पाहायला लक्षद्वीपपासून फार लांब जावं लागत नाही. मालदीवची राजधानी माले हे दोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट. वस्ती वाढत गेली तसं तिथलं भिंग उपसलं गेलं आणि दूषितही झालं. १९७८मध्ये मालदीवमध्ये कॉलरा पसरला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून माले यंत्राच्या पाण्यावर आलं. ४ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि एक लाखाहून जास्त माणसांचे नळ कोरडे पडले. भारतीय हवाई दलाची विमानं बाटलीबंद पाणी घेऊन गेली, नौदलाच्या आयएनएस सुकन्या आणि आयएनएस दीपक या नौका पाणी घेऊन पोहोचल्या. शेजारी जवळ होता, समुद्र शांत होता, म्हणून निभावलं. जमिनीखालचं पाणी राखलं असतं, तर निदान धुण्या-आंघोळीची सोय घरच्या घरी झाली असती. लक्षद्वीपच्या यंत्रांना लागणारी वीज मुख्यतः डिझेलवर होते आणि डिझेल बोटीने येतं, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात बोटी अडतात.

त्सुनामीने मालदीवला याच्या उलट धडाही दिला होता. २६ डिसेंबर २००४च्या लाटा अनेक बेटांवरून गेल्या आणि विहिरी खाऱ्या झाल्या. वर समुद्राचं पाणी आणि खाली गोडं पाणी, अशी उलटी रचना झाली. पण पुढच्या पावसांनी ते खारं पाणी हळूहळू खाली ढकललं आणि बऱ्याच बेटांवरचं भिंग सावरलं. धक्का एकदाच बसला तर भिंग सावरतं. रोजचा अतिउपसा आणि रोजचा मैला त्याला सावरू देत नाही.

वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या बावखलांनी, म्हणजे वाड्यांमधल्या तळ्यांनी, पिढ्यानपिढ्या पावसाचं पाणी मुरवून विहिरी गोड्या ठेवल्या. मग टँकरवाल्यांनी बेसुमार उपसा केला, बावखलं बुजवली गेली, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीच्या मुळाशी हाच राग होता. वसईला निदान पाठीमागे डोंगर आहेत, धरणांचं पाणी पोहोचवता येतं.

बेटावर मात्र यंत्र आणि विहीर यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते, ती छपरावरचा पाऊस. बर्म्युडात घराच्या छपराने पाऊस गोळा करून घराखालच्या टाकीत साठवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. लक्षद्वीपमध्येही सरकारी इमारतींवर आणि घरांवर अशा टाक्या झाल्या आहेत. ५० चौरस मीटरच्या छपरावर १,६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८० हजार लिटर. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ५० लिटर धरले, तर कोरडे महिने सहा धरले तरी नऊ हजार लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरची एक टाकी, झाकलेली, पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडण्याची सोय असलेली, एका घराला पुरते. उरलेलं छपराचं पाणी विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडलं तर ते भिंगातच जमा होतं.

आणि मोजत राहायला हवं. पाण्यातला क्षार सांगणारं पेनाएवढं विद्युतवाहकता मापक स्वस्त आहे, ते विहिरीत बुडवून आकडा वाचायला शाळकरी मुलालाही येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. जिभेला खारटपणा कळेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. एप्रिलअखेरीस, भिंग सर्वांत पातळ असताना, प्रत्येक वॉर्डातल्या काही ठरलेल्या विहिरींचा आकडा घेऊन तो ग्रामस्थांसमोर लावला पाहिजे. कोणत्या विहिरीवरची मोटर काही आठवडे बंद ठेवायची, हे त्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांना ठरवता येईल.

२०२४पासून लक्षद्वीपकडे पर्यटकांचा ओढा वाढला आहे, आणि मिनिकॉय, कडमत, सुहेली इथे समुद्रावरच्या आलिशान निवासांची योजना आधीपासूनच आखलेली आहे. पर्यटक येतो तो नेमका डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे भिंग आटत असताना, आणि स्थानिक माणसाच्या कितीतरी पट पाणी वापरतो. अशा प्रत्येक निवासाने स्वतःचं पाणी समुद्रातून स्वतःच्या सौरविजेवर करावं, स्वतःचा मैला स्वतः शुद्ध करावा आणि बेटाच्या विहिरीला एकही नळ लावू नये, ही अट परवान्यातच असायला हवी. आणि ती पाळली जाते की नाही हे तपासायचा हक्क बेटावरच्या लोकांना हवा, कारण विहीर मचूळ झाली तर ती त्यांचीच होणार आहे.